पान एकतीस

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आज अंगणवाडीचा तक्ता छापायला समीनाच्या दुकानात गेले आणि भलतंच काम अंगावर घेऊन आले.

समीना म्हणजे गफ्फारचाचांची मुलगी. चाचांनी उभी हयात आमच्या दुसरबीड गावातल्या पाट्या आणि ट्रकच्या पाठी रंगवल्या. आता बापलेकीचं फ्लेक्सचं आणि छपाईचं दुकान आहे. तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी पेन्सिलीनं सासूबाईंचं चित्र काढलं होतं, ट्रकच्या चाकाशी उकिडव्या बसलेल्या. समीनानं तक्ता उलटा केला आणि तेच बघत बसली.

"पुष्पाताई, हे कोनी काढलं?"

"मीच. मीटिंगमध्ये झोप येऊन राह्यली होती."

"याचं पुस्तक करा ना. अख्खी गोष्ट चित्रांतून. चित्रकादंबरी. मी छापते."

"मले काय येते त्यातलं?"

"मले तरी कुठं येते? शिकू दोघी."

घरी येईपर्यंत हसूच येत होतं. पण रात्रीचा स्वयंपाक होईस्तोवर डोक्यात चार पानं काढूनही झाली होती. म्हणून ही वही. काय शिकले, काय चुकलं, ते इथं लिहून ठेवणार.

पुस्तक कोणावर, हा प्रश्नच नव्हता. रुखमाबाई, माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. वय त्रेसष्ट. मेहकर-जालना रस्त्यावर पंक्चरचं दुकान. मामंजींच्या, म्हणजे भगवानरावांच्या पाठीचं दुखणं वाढलं आणि त्यांना चाक उचलवेना, तेव्हापासून यांनी टायर उचकटायची टामी हातात घेतली. मामंजी बाजेवर बसून सांगायचे, या करायच्या. मामंजी जाऊन आठ वर्षं झाली. टामी अजून यांच्याच हातात आहे. ट्रकचं चाक या बाई जमिनीवरून असं उभं करतात की बघणाऱ्याला वाटावं, चाकच त्यांचं ऐकतं.

१४ नोव्हेंबर

हात जमत नाहीत. चेहरा येतो, पदर येतो, पण हात काढले की भाकरी थापल्यासारखे दिसतात. आत्याबाईंना दाखवलं. त्या खळखळून हसल्या.

"असी टामी धरली तर दात पडतीन माह्ये. हे पाह्य." आणि अर्धा तास हात तसाच धरून बसल्या. मी काढलं. आंगठा टामीच्या वर नसतो, बाजूनं असतो. हे मी अकरा वर्षं रोज बघते आणि मला माहीतच नव्हतं.

आज दुकानात एक काळीपिवळी जीप आली होती. आत्याबाईंनी आधी सगळी सवारी खाली उतरवली, मगच चाकाला हात लावला. झिजून गुळगुळीत झालेला टायर पाहिला आणि ड्रायव्हरला सरळ सांगितलं, "हा गोटा झाला. मी नाही करत. नवा घेऊन ये." तो पोरगा चिडून निघून गेला. त्यांचा स्वभाव जरा तापटच आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून लांबच्या गाड्या तिकडूनच जातात. आहे ते गिऱ्हाईक तरी राखावं की नाही? पण त्यांना कोण सांगणार.

१ डिसेंबर, रविवार

समीनानं माझी पहिली आठ पानं पाहिली आणि लाल पेन घेतलं. चित्रात आत्याबाई चाक उचलताहेत आणि खाली मी लिहिलं होतं, 'रुखमाबाई चाक उचलत आहेत.'

"दिसते ना ताई. पुन्हा लिहायचं काऊन?"

अर्धं लिखाण उडालं. मला वाईट वाटलं, वाक्यं चांगली होती. एक तर मी चार वेळा बदलून लिहिलं होतं. घरी येऊन ती पानं पुन्हा पाहिली. वाक्यं गेली तिथं काहीच कमी झालेलं नव्हतं.

चाचांनी एक गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवते. आधी अक्षरं लिहायची, मग त्यांच्याभोवती संवादाचा फुगा काढायचा. मी आधी फुगे काढत होते आणि आत अक्षरं कोंबत होते, सहा सीटच्या जीपमध्ये बारा माणसं बसवावीत तशी. चाचा म्हणाले, "बेटा, पाटी रंगवताना मी पहले अक्षर मोजायचो. रंगाचा डबा बाद में खुलायचा."

१९ डिसेंबर

आत्याबाईंना वाचता येत नाही. हे माझ्या फायद्याचं निघालं.

त्यांच्यापुढं पान ठेवते आणि म्हणते, सांगा काय झालं. जिथं त्या अडतात तिथं माझी चूक. आज त्यांनी वरची पहिली चौकट पाहून एकदम खालची पाहिली, कारण खालच्या चौकटीत ट्रक मोठा होता. मधल्या दोन चौकटी राहूनच गेल्या. म्हणजे डोळा मोठ्या चित्राकडं पळतो. आता ट्रक लहान केला आणि मधल्या चौकटीत आत्याबाईंचा हात पुढच्या चौकटीकडं दाखवणारा काढला. पुन्हा दिलं. बरोबर वाचलं!

समीना म्हणाली की मोठ्या शहरात हे शिकायला फी भरतात लोक. आमच्या घरी शिकवणारी बाई चुलीपुढं बसून शेंगा फोडते.

६ जानेवारी २०२५

कच्ची प्रत पूर्ण झाली. अठ्ठेचाळीस पानं. पानं चारच्या पटीत लागतात, हे आता झोपेतसुद्धा सांगीन.

सगळं आलंय. अडलेल्या बाईला घेऊन जाणाऱ्या जीपचं चाक आत्याबाईंनी दहा मिनिटांत बदललं, ते. एका ट्रकवाल्यानं "बाईमाणूस काय करीन" म्हणून थट्टा केली आणि जाताना पाया पडला, ते. मामंजींनी पहिल्यांदा हातात टामी दिली, ते.

दुपारी आत्याबाईंना मांडीवर वही दिली. शेवटपर्यंत पाहिली. मग एक एक पान मागं उलटत आल्या.

"पुष्पा, ही बाई कोन हाय?"

"तुम्हीच की."

"ही कधी चुकतच नाही काय?"

मी म्हटलं, चांगल्या गोष्टी लिहाव्यात माणसाच्या. त्या उठल्या, वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "मंग माह्यं नाव काढून टाक. दुसऱ्या कोनाचं टाक."

दोन महिन्यांचं काम. मी मोरीत जाऊन रडले.

८ जानेवारी

आज दुकान बंद करून त्यांनी सांगितलं. त्यांच्या शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

"एकोणीस वर्सं झाली. मोईज नावाचा पोरगा व्हता, काळीपिवळी चालवायचा. पुढचा टायर गोटा झालेला, कुशीले चिरा. मले दिसला चिरा. ह्या बोटानं चाचपला मी. तरी आतून जुन्या टायरचा तुकडा टाकला, ट्यूब भरली अन् सोडलं त्याले. नऊ जण बसले व्हते. दोन कोसावर टायर फुटला, गाडी पलटी झाली. सवारी वाचली, खरचटलं तेवढं. मोईजचा पाय गेला, गुडघ्याच्या खालून."

"मग?"

"जालन्याच्या दवाखान्यात गेली मी. फाटकापर्यंत. आत गेली नाही." मग म्हणाल्या, "हे काढत अससीन तर माह्यं पुस्तक काढ."

अकरा वर्षांत या घरात हे कोणी बोललं नव्हतं. मला राग आला आणि तो कोणावर, ते कळत नाही. ज्या बाईकडं मी मान वर करून बघत आले, ती मला आज हात धरून खाली बसवते आहे. मला ते चित्र काढायचं नाही.

९ जानेवारी

आमचे हे, म्हणजे आत्याबाईंचे चिरंजीव कारभारी, सहसा माझ्या चित्रांत पडत नाहीत. टेम्पो चालवून दमून येतात. आज ताट सारून उठले.

"आईचं ठीक आहे, तिचं वय झालं. तुले समजत नाही? आपल्याच हातानं आपल्या दुकानावर पाटी लावून राह्यली, इथं चाक फुटते म्हनून?"

त्यांचं चुकत नाही. पंक्चरवाल्याकडं लोक येतात ते फक्त भरवशावर.

आत्याबाई आतून म्हणाल्या, "दुकान माह्यं हाय, कारभारी."

२४ जानेवारी, शुक्रवार

सिंदखेड राजाला जाऊन आलो, मी आणि आत्याबाई. चित्र काढायला तयार झाले तेव्हा मीच अट घातली होती. त्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचा पाय माझ्या पुस्तकात काढणार नाही. आत्याबाईंनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी नवं लुगडं नेसून बसल्या होत्या.

मोईजभाई जीप-ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं शिवतात. छोटं दुकान, पण शिलाई अशी सरळ की पट्टी ठेवून मारलेली वाटावी. आत्याबाई पायरीवरच थांबल्या. मोईजभाईंनी मान वर केली, ओळखलं, हातातलं रेक्झीन बाजूला ठेवलं.

"या ना मावशी. बाहेर काऊन उभ्या?"

एकोणीस वर्षांनी हे दोघं समोरासमोर आले आणि पहिली पाच मिनिटं पावसाचं, तुरीचं बोलत होते. शेवटी मीच वही काढली आणि कशासाठी आलो ते सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "मले चिरा दिसला व्हता, मोईज. मी सोडलं तुले."

मोईजभाई माझ्याकडं वळले. "ताई, लिहायचं तर पुरं लिहा. मावशी मले म्हनल्या होत्या, हा टायर टाकून दे. मीच म्हनलो, सवारी बसली आहे, तुकडा टाका अन् मोकळं करा. दोनदा म्हनल्या त्या. दोन्ही वेळा मीच ऐकलं नाही."

मी आत्याबाईंकडं बघतच राहिले. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. गावात कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांच्या घरच्यांनी चहा आणला. निघताना मोईजभाई म्हणाले, "माह्यी एक शर्त आहे. मले बिचारा काढू नका. खाटेवर पडलेला, पट्ट्या बांधलेला, तसा नको. मी गाडी चांगली चालवायचो."

परतीच्या एसटीत मी विचारलं, "त्यांनीच म्हटलं होतं, हे का सांगितलं नाही तुम्ही?"

"त्यानं म्हनलं," आत्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "हात कोनाचे व्हते?"

११ फेब्रुवारी

अपघाताचं पान, एकतीस, नवव्यांदा फाडलं. उलटलेली जीप काढली, तर सिनेमाचं पोस्टर झालं. रक्त काढलं, तर समीनानं पान पालथं केलं. नुसते शब्द लिहिले, तर खबर वाटली पेपरातली.

कंटाळून दुकानात जाऊन बसले. आत्याबाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होत्या. त्यांचं बोट ट्यूबवरून फिरतं तेव्हा त्या डोळे मिटतात. हेही मला आजच दिसलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

जमलं. अपघात काढलाच नाही.

सहा चौकटी, एकही फुगा नाही. पहिलीत आंगठा आणि टायरचा चिरा. दुसरीत आत्याबाई वर बघतात, मान नकार देणारी. तिसरीत मोईजभाईंचा हात, घड्याळ दाखवणारा. चौथीत तोच आंगठा चिऱ्यावर, थांबलेला. पाचवीत टायर चढवणारे हात. सहावी सगळ्यात मोठी. रस्ता, जीप, आणि पाठमोरे मोईजभाई, एक हात स्टेअरिंगवर, ऐटीत. बस. पान उलटलं की बत्तीसवर दवाखान्याचं फाटक आणि बाहेर एक बाई.

आत्याबाईंनी सगळ्यात जास्त वेळ याच पानाला लावला. चौथ्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं आणि काळा ठसा उमटला. दुकानातून हात न धुता आल्या होत्या. मी ओरडलेच. आता ते पान पुन्हा काढायचं म्हणजे चार दिवस. समीना म्हणते राहू द्या, असंच छापू. चाचाही तेच म्हणतात. मला तो डाग वाटतो, पण दोघंही ऐकायला तयार नाहीत.

२२ मार्च

पहिली छापील प्रत हातात आली. कटिंगमध्ये कडेची अक्षरं कापली गेली! पान सातवर 'हवा भर' ऐवजी 'वा भर' झालंय. कडेला जागा सोडायची हे समीनानं सांगितलं होतं, मी चित्राच्या मोहात सोडली नाही. सात पानांची अक्षरं पुन्हा लिहावी लागतील. समीना रागावली नाही. म्हणाली, "अब्बूनं एकदा शाळेच्या पाटीवर 'विद्यालय'चं 'विद्याय' करून ठेवलं होतं. तीन वर्सं तशीच होती."

६ एप्रिल, रविवार

'रुखमाबाई पंक्चरवाली'. लेखन आणि चित्रं : पुष्पांजली. शंभर प्रती. समीना आणि मी जमिनीवर बसून पिना मारल्या. चाचांनी मुखपृष्ठावरचं नाव आपल्या हातानं रंगवून दिलं. किती वर्षांनी ब्रश धरला होता, त्यांचा हात अजिबात हलला नाही.

आत्याबाईंना वाचता येत नाही असं मी लिहिलं होतं. ते खोडायला पाहिजे. आज दुकानावर आलेल्या दोन ट्रॅक्टरवाल्यांना त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तक वाचून दाखवलं. एकतीसवर त्या थांबल्या आणि त्या दोघांना म्हणाल्या, "हे तुमचं तुमी पाहा."

२ मे

आमचे हे बरोबर बोलले होते.

बसस्टँडवर पोरं पुस्तक चाळतात आणि हसतात. "मावशी, पान एकतीस नको हं!" काल ज्ञानेश्वरची जीप दुकानापुढं थांबली, त्यानं आत्याबाईंकडं पाहिलं आणि पुढं निघून गेला. पाच वर्षांचं गिऱ्हाईक. दोन दिवसांत एकच सायकल आली.

हे काही बोलत नाहीत. तेच जास्त लागतं.

३ मे

सकाळी कोणाला न सांगता उरलेल्या प्रती काढल्या आणि एका प्रतीच्या पिना उघडल्या. म्हटलं, ते एक पान काढून टाकू. पण पुस्तक तसं नसतं. एकतीस-बत्तीसच्या कागदाला दुसऱ्या बाजूनं सतरा-अठरा जोडलेलं असतं. आणि सतरावर मामंजी आत्याबाईंच्या हातात पहिल्यांदा टामी देतात. ते काढलं तर त्या कधी शिकल्या हेच कळणार नाही. एवढं सगळं शिकले, पण पानांच्या जोड्या नीट लावायचं मला आधी सुचलं नाही.

आत्याबाई दारात उभ्या होत्या.

"काऊन खोलून राह्यली पिना?"

"तुमचं दुकान बुडतंय माझ्यामुळं."

त्या आत आल्या, खाली बसल्या, चिमट्यानं एक एक पीन पुन्हा वाकवून बसवली. माझ्यापेक्षा सरळ. "एकोणीस वर्सं मी हे एकटी घेऊन बसली व्हती," म्हणाल्या. "आता साऱ्याईले माहीत हाय. मले हलकं वाटते. तू रडू नको."

१७ मे, शनिवार

आज काय झालं ते सगळं लिहून ठेवते.

अकराच्या सुमारास मोईजभाई आले, त्यांच्या त्या जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर. मागचं चाक पार बसलेलं. गावाच्या अलीकडंच हवा गेली म्हणाले. सिंदखेड राजात चार पंक्चरवाले आहेत, पण वाटेतच झालं तर माणूस काय करणार. नशीब की आमचंच दुकान जवळ होतं. या रस्त्यानं ते इतक्या वर्षांत आले नव्हते.

समोरच्या स्टँडवर जीपवाले बसले होते. ज्ञानेश्वरही होता. सगळे इकडं बघू लागले.

मोईजभाई कुबडी टेकत उतरले आणि मोठ्यानं म्हणाले, "मावशी, मागचं चाक पाहा. निवांत करा, मले घाई नाही."

आत्याबाईंनी टायर आतून बाहेरून चाचपला. काटा नाही, खिळा नाही. ट्यूब पाण्यात धरली. एकच भोक, बारीक, गोल, सुईनं टोचल्यासारखं स्वच्छ. त्यांनी ट्यूब उजेडात धरली, मग मोईजभाईंकडं पाहिलं. मोईजभाई रस्त्याकडं बघत होते.

"आजकाल रस्त्यावर कायबी पडलेलं असते," आत्याबाई म्हणाल्या.

"हाव ना," ते म्हणाले. "काय सांगता येत नाही."

खरंच, रस्त्याचं काम झाल्यापासून खूप कचरा पडलेला असतो.

आत्याबाईंनी जागा घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर घातली, पॅच दाबून धरला. लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ धरला. पुन्हा पाण्यात बुडवून मोईजभाईंना दाखवायला गेल्या, तर ते म्हणाले, "तुमी पाह्यलं ना? झालं मंग."

चाक बसवलं. नट चारही पक्के बसले.

मग मोईजभाईंनी पुस्तकाच्या दहा प्रती मागितल्या, सीट शिवायला येणाऱ्या ड्रायव्हरांना द्यायला. आणि एक स्वतःसाठी. "ताई, सही द्या. लेखकाची सही असते पुस्तकावर."

मी म्हटलं, मी कसली लेखक. मी तर दिसलं ते काढलं.

"तेच तर काढत नाही कोनी," ते म्हणाले. मी पहिलं पान उघडलं, तर त्यांनी हात आडवा केला. "तिथं नाही. एकतीसवर करा."

सहाव्या चौकटीच्या खाली, रस्त्याच्या कडेला जागा होती. तिथं मी पूर्ण नाव लिहिलं. सही भाकरी थापल्यासारखी झाली नाही.

ते निघाले तेव्हा स्टँडवरचे जीपवाले उठून उभे राहिले होते. का, ते मला कळलं नाही; कोणी बोलावलं नव्हतं. आत्याबाई आणि मी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबलो. मोईजभाई हँडलवरचा एक हात सोडून वळणावरून गेले, मागं न बघता.

त्यांना पाठमोरं मी आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. सहाव्या चौकटीत मी त्यांचे खांदे जरा वाकवलेत. तसे ते नाहीत. दुसरी आवृत्ती निघाली तर सरळ करायचे.